गोमतीबाईचा पाय

माझे भाऊजी पुंजाजी एस.टी.चे ड्रायव्हर. शहात्तर साली नागपूरला त्यांच्या मणक्यातली सरकलेली गादी कापून काढली, पण कंबरेतली कळ काही हटेना. म्हणून डॉक्टरांनी पाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. "गुण यायला चार-पाच दिवस लागतील, आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागेल," असं मला बजावलं. मलाच, कारण पंधरा दिवस वॉर्डातल्या बाकड्यावर झोपणारा मीच होतो.

आमच्या गावी, शिरपुरात उतरलो तेव्हा कळ होती तशीच. माझ्या बहिणीनं, विमलबाईनं, नवऱ्याला थेट गोमतीबाईच्या अंगणात पालथं निजवलं. गोमतीबाई पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याचा पाय लागला की पाठदुखी पळते, ही आमच्याकडची पक्की समजूत. तिनं टाक्यांची जागा सोडून तीनदा हलकेच पाय लावला. चौथ्या दिवशी पुंजाजी ताठ उभे राहिले. गोमतीबाईला लुगडं मिळालं, मला साधा चहाही नाही. माझं डोकंच फिरलं.

सहा महिन्यांनी कळ परतली. पंधरा दिवसांवर डेपोत ड्रायव्हरांची डॉक्टरी तपासणी होती. पुंजाजी नापास झाले तर स्टेअरिंग जाणार आणि फाटकावर पहारा करावा लागणार. मी म्हटलं, "नागपूरले चाला."

"कायले? गोमतीबाई हाय ना!"

मी तणतणत गोमतीबाईकडे गेलो. ती बाजेवर आडवी, कण्हत होती. तीस वर्षं एका पायावर उभं राहून लोकांच्या पाठी तुडवणं अंगाशी आलं होतं.

"लावा ना सोताचा पाय," मी खवचटपणे म्हणालो.

"माह्या पाठीले माहा पाय पोचत नाही, मास्तर," ती रडकुंडीला आली. "पुंजाजीची सुई मले भेटन का?"

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

गोमतीबाई निघाली म्हटल्यावर पुंजाजीही निमूट एस.टी.त बसले. डॉक्टरांनी दोघांना तपासलं आणि दोघांनाही इंजेक्शन दिलं. आठवड्यात दोघंही चालू लागले. पुंजाजी तपासणीत पास झाले.

मी मुद्दाम चारचौघांत विचारलं, "आता सांगा गोमतीबाई, कोनाच्या हातानं गुन आला?"

"डागतरच्या."

मी सगळ्यांकडे छाती काढून बघितलं.

"तो पायाळू असन," गोमतीबाई म्हणाली. "नाही त गुन येतेच कसा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुंजाजींनीही.