मिनिट उलटल्यावर

बाबांनी कागद उचलायला चिमटा ट्रेमध्ये घातला, तेवढ्यात लेकीनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, बाबा."

"काळा पडेल तो."

"पडू द्या."

डार्करूमच्या लाल उजेडात दोघं रसायनात बुडालेल्या कागदाकडे बघत उभे होते. कागदावर जावयाचा चेहरा हळूहळू उमटत होता. लग्नाला आठ दिवस झाले होते. मुलांना भूगोल शिकवणारा हा मास्तर समुद्रापलीकडून आलेल्या काळ्या आईबापांचा मुलगा. बाबा त्याच्याशी अजून एक शब्द थेट बोलले नव्हते. 'त्याला सांग, मान वर कर,' असं लेकीकडे बघून म्हणायचे, आणि तोही मुकाट मान वर करायचा. आत्ता तो बाहेर स्टुडिओत बसून होता.

वाद सकाळीच झाला होता. फोटो नातेवाइकांना पाठवायचा होता.

"दोन छटा उजळ करतो," बाबा म्हणाले होते, "कुणाला कळायचंही नाही. चाळीस वर्षं हेच केलं. लोक खूश होऊन जायचे."

"मला माझ्या नवऱ्याचा फोटो हवाय," लेक म्हणाली, "त्याच्या गोऱ्या भावाचा नको." आणि कॅमेरा तिनं स्वतःकडे घेतला. बाबांनी लावलेले समोरचे दिवे विझवले, एकच दिवा बाजूला ठेवला.

बाबांची युक्ती साधी होती. चेहरा काळा असला, की कागद मिनिटाच्या आत बाहेर ओढायचा, म्हणजे चेहरा उजळ राहतो. आता मिनिट उलटलं होतं. यापुढे नुसतं डांबर, अशी त्यांची खात्री. उभ्या आयुष्यात त्यांनी पुढे काय होतं ते पाहिलंच नव्हतं.

आधी गालाच्या हाडावर उजेडाची कड आली. मग कपाळ वर आलं, ओल्या कातळासारखं. काळ्याच्या आत दुसरा काळा उघडत गेला, त्याच्या आत तिसरा. काळ्यात इतके काळे असतात, हे बाबांच्या गावीही नव्हतं. डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या दिसल्या, हनुवटीवर एक खळी. ओठांवर अर्धवट हसू होतं, कुणीतरी आपल्याशी बोलेल म्हणून ताटकळलेलं.

बाबा इतके वाकले, की लेकीनं त्यांचा खांदा धरून ठेवला.

"हे सगळं होतं इथं?"

"होतं."

"दर वेळी?"

कागद उचलून तिनं पुढच्या ट्रेमध्ये सोडला.

"तुझ्या आजीचा फोटो मीच केला होता," बाबा म्हणाले. "आई चांगली काळी होती. इथं गालापाशी..." त्यांची बोटं स्वतःच्या गालाजवळ गेली आणि थांबली. "आता मला तो फोटोच आठवतो."

ते पडदा सारून बाहेर आले. मास्तर चटकन उठून उभा राहिला.

"बसा हो, बसा."

बाबांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडली.

"फोटो बिघडला का?" मास्तरनं विचारलं.

"नाही."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"जरा हलू नका," ते म्हणाले.

त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता.