सकाळचं सत्र

मृदुलाबाईंनी संचिताच्या खांद्यावर पदर चापून बसवला, पिन लावली आणि जरा मागे सरून पाहिलं.

“छान दिसतेयस गं.”

संचिता वरठा हसली नाही. जव्हारकडच्या वारली पाड्यातून आलेली ही मुलगी ठाण्याच्या या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होती. इथली पहिलीच आदिवासी प्राध्यापक. मुलाखतीत तिच्या बाजूनं बोलल्या त्या विभागप्रमुख मृदुलाबाईच. ठाकुर्लीला कुणी तिला भाड्यानं घर देईना, तेव्हा घरमालकाशी भांडल्याही त्याच.

आज कॉलेजात राष्ट्रीय परिषद होती. सकाळच्या सत्रात संचिता आपला शोधनिबंध मांडणार होती, बंगळुरूच्या शास्त्रज्ञांसमोर. पण काल वेळापत्रक बदललं. सकाळी तिनं पारंपरिक वेशात पाहुण्यांचं स्वागत करायचं, गावाकडून तारपा वाजवणारा बोलवायचा, आणि निबंध संध्याकाळी.

“संध्याकाळी कोण थांबणारे, मॅडम? सगळ्यांच्या फ्लाइट्स आहेत.”

“उपप्राचार्यांनी ठरवलं ना…”

बाईंनी उरलेल्या पिना उगाचच डबीत भरल्या. ‘स्वागताला आपल्या संचितालाच उभं करू, किती शोभेल!’ हे शब्द बैठकीत त्यांनीच उच्चारले होते. अगदी कौतुकानं.

खाली पोर्चमध्ये तारपा घुमू लागला. संचितानं खिडकीतून वाकून पाहिलं.

“बाबा आहेत. पहाटेच निघाले घरून. त्यांना वाटलं, तारपा वाजवून झाला की मी बोलणार ते ऐकायचंय.”

बाईंना तिच्याकडे बघवेना.

“असं कर, माझं दुपारचं भाषण आहे ना, ती वेळ तू घे.”

“तुमची नको, मॅडम. माझी होती ती हवी.” पदराची पिन चाचपत ती म्हणाली, “स्वागताला माझं नाव तुम्ही सुचवलंत. प्रफुल्लसर होते बैठकीत, ते बोलले मला.”

“मग कालच का नाही भांडलीस माझ्याशी?”

“घर मिळवून दिलेलंत ना तुम्ही.”

“तू हॉलमध्ये जा,” म्हणून बाई जिना उतरल्या. पोर्चमध्ये उपप्राचार्य आरतीचं तबक धरून उभे होते.

“कुठेय संचिता? गाडी येईल आता.”

“ती हॉलमध्ये जातेय. सकाळचं सत्र तिचं आहे.”

“अहो, आता कसं? आणि तुम्हीच तर सुचवलंत!”

“हो, मीच. चुकलं माझं.” आजूबाजूचे प्राध्यापक वळून पाहू लागले. बाईंचे कान तापले. “स्वागताला मी उभी राहते.”

उपप्राचार्यांनी काहीतरी पुटपुटत तबक त्यांच्या हातात दिलं. ते तसंच धरून बाई तारपा वाजवणाऱ्या म्हाताऱ्यापाशी गेल्या.

“बाबा, वाजवणं राहू दे. वर जाऊन बसा, पुढच्या रांगेत. संचिता बोलणारेय.”

म्हाताऱ्यानं तारपा तोंडापासून दूर केला. त्याचा चेहरा उजळला.

“तुमी कोण, बाय?”

‘मीच तिला इथे…’ बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“तिच्याबरोबर शिकवते,” त्या म्हणाल्या.