वज्रगडच्या दिवाणांचा कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. शाळेच्या पुस्तकात मला कळफलक म्हणतात, पण त्या नावाने घरात मला कधी कुणी हाक मारली नाही. कोणत्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते तपकीर गल्लीतल्या एका दुकानात. समोर श्यामराव उभे होते आणि माझं एकेक बटण दाबून पाहत होते.

"काका, सगळी चालतात," दुकानदार वैतागून म्हणाला.

"मग दाबायला तुमची हरकत नसावी," श्यामराव म्हणाले, आणि उरलेलीही दाबून पाहिली.

श्यामराव सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. कोथरूडच्या घरी आणल्यावर त्यांनी माझ्या बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले आणि दोन बोटांनी टंकायला सुरुवात केली. आधी सोसायटीला तक्रारी लिहिल्या. तक्रारी संपल्यावर त्यांना एक खेळ सापडला.

त्या खेळाचं नाव 'नऊ खिंडी'. शेकडो माणसं आपापल्या घरून तो एकत्र खेळत. प्रत्येकाचं एक राज्य, एक सैन्य आणि एक सोंग. दरबारात, म्हणजे सगळ्यांनी एकमेकांना लिहायच्या जागी, सोंगातच बोलायचं, आपण खरे कोण ते सांगायचं नाही, असा नियम होता. श्यामराव झाले वज्रगडचे दिवाण. त्यांच्या शेजारी दैत्यराज भुजंगाचं चिमुकलं राज्य होतं आणि पलीकडे सेनापती खड्गसेनाचं मोठं.

या खेळात कालचा शत्रू आज मित्र होतो आणि उद्या पुन्हा शत्रू. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. श्यामरावांनीही नऊ वर्षांत चारदा बाजू बदलली. मात्र प्रत्येक वेळी सैन्य हलवण्याआधी तीन दिवस ते माझ्यावर एक नोटीस टंकत: "लगतच्या सर्व राज्यांस कळविण्यात येते की वज्रगडचे सैन्य अमुक दिवशी निघेल. हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी."

"दिवाणजी, हे युद्ध आहे की जमिनीची मोजणी?" खड्गसेनाने एकदा दरबारात विचारलं.

"शेजाऱ्याला न कळवता हद्दीवर पाऊल ठेवलं, की भांडण नातवंडांपर्यंत जातं," श्यामरावांनी उत्तर टंकलं. "आम्हाला नातवंडांची काळजी आहे."

हळूहळू दरबारात सगळे म्हणू लागले की दिवाण बाजू बदलेल, पण सांगून बदलेल. मित्रांनो, ते कौतुक दिवाणांचं होतं. तरी ती नोटीस माझ्यावरच टंकली गेली होती, म्हणून मलाही थोडं बरं वाटायचं.

त्यांची मुलगी अपूर्वा वारजे इथे राहते. दर रविवारी ती येई. "बाबा, खेळ पुरे. आमटी गार होतेय," एवढंच दारातून म्हणे. पडद्यावर काय चाललंय ते तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

या वर्षी श्यामराव एका सोमवारी दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. सोळा दिवस माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. सतराव्या दिवशी सकाळी अपूर्वा आली. तिच्या हातात एक यादी होती: गॅस, वीज, फोन, बँक. एकेक बंद करून ती त्यावर रेघ मारत होती. शेवटी लिहिलं होतं, 'बाबांचा खेळ'.

तिने खेळ उघडला. खड्गसेनाचं एक पत्र उत्तराची वाट पाहत होतं: भुजंगाच्या खिंडीतलं तुमचं सैन्य उत्तरेला पाठवा, आपण मिळून तिथल्या राक्षसांवर चाल करू. खाली दोनच बटणं होती, 'मान्य' आणि 'अमान्य'. कुणाला दुखवायला नको म्हणून अपूर्वाने 'मान्य' दाबलं.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. खेळाचा हा मोसम संपेपर्यंत ती खिंड सांभाळू, असा शब्द दिवाणांनी भुजंगाला दिला होता. मोसमाचे आठ दिवस उरले होते. सैन्य निघालं. एकदा निघालेलं सैन्य दोन दिवस माघारी वळवता येत नाही.

पहिला निरोप खड्गसेनाचाच आला. "दिवाणजी, मी आपली थाप मारून पाहिली होती. तुम्ही ऐकलीत? तब्येत बरी आहे ना?"

पाठोपाठ भुजंगाची गर्जना आली. "दिवाण! खिंड उघडी टाकलीस? नोटीस कुठे आहे? नऊ वर्षांत तू असं एकदाही केलं नाहीस!"

अपूर्वा खुर्चीत नीट बसली. तिने जुनी पत्रं उघडली आणि चारही नोटिसा वाचल्या. दुपारचे दोन वाजले तरी ती वाचतच होती. मग तिने माझ्यावर टंकलं, "बाबा गेले." पुसलं. पुन्हा टंकलं, पुन्हा पुसलं. या सोळा दिवसांत वर्तमानपत्रातलं निवेदन चुलतभावाने दिलं होतं, फोन आत्याने घेतले होते. हे दोन शब्द तिने स्वतः कुठेच लिहिले नव्हते. चौथ्यांदा टंकले तेव्हा ते तिने राहू दिले.

"बाबा गेले. मी त्यांची मुलगी अपूर्वा. सैन्य मी हलवलं, न कळवता. चूक माझी आहे, त्यांची नाही." खाली तिने आपला फोन नंबर लिहिला.

मग खड्गसेनाने सोंग सोडून लिहिलं, "ताई, मी तेजस. आयटीत असतो, औंधला. मला खरंच माहीत नव्हतं. खिंडीकडे निघालेलं माझं सैन्य थांबवतो."

"खबरदार!" भुजंगाने लिहिलं. "दिवाणाने राखलेली खिंड दयेवर ठेवायची नाही. तीन दिवसांची नोटीस दे, रीतसर. मग लढ."

तेजसने नोटीस दिली. शब्द न् शब्द श्यामरावांच्या नोटिशीसारखी.

तेवढ्यात अपूर्वाचा फोन वाजला. पलीकडून बारीक, स्वच्छ आवाज आला. "नमस्कार. दैत्यराज बोलतेय, सदाशिव पेठेतून. वासंती नाव. शाळेत भूगोल शिकवायचे. रडून झालं असेल तर कागद-पेन्सिल घ्या. सैन्य परत कसं आणायचं ते सांगते."

"रडले नाहीये मी अजून," अपूर्वा म्हणाली.

"मग ते नंतर. आधी खिंड."

तीन दिवस अपूर्वा माझ्यासमोर बसली. वासंतीबाई फोनवरून सांगत, ती टंकत जाई. दोन दिवसांनी सैन्य वळवता आलं, पण निम्मंच वेळेवर पोचलं. चौथ्या दिवशी जेवणाच्या वेळेला खिंड पडली. भुजंगाकडे एक किल्ला तेवढा उरला.

"पडली," वासंतीबाई म्हणाल्या. "पण धान्य आत घ्यायला तीन दिवस मिळाले. तेवढ्यावर पुढचा मोसम निघतो."

मग अपूर्वाने यादीतलं शेवटचं काम केलं. लगेच नाही. आधी तिने टंकलं: "लगतच्या सर्व राज्यांस कळविण्यात येते की वज्रगडचे दिवाण तीन दिवसांनी कारभार सोडत आहेत. हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी."

एकच हरकत आली, भुजंगाची. "हरकत आहे. ऐकू नका, पण नोंदवून घ्या."

अपूर्वाने ती नोंदवून घेतली, आणि मग बराच वेळ तिने माझ्यावर दोन्ही हात नुसते ठेवले.

आता मी वारज्याला तिच्या टेबलावर असतो. माझ्यावरची निम्मी अक्षरं उडाली आहेत. मित्रांनो, मला ब्रशने झाडत जा, माझ्यावर चहा सांडू नका, हे तर सांगतोच. पण त्याहून एक मोठं काम आहे. घरातलं माणूस गेलं, की त्याच्या वस्तू तुम्ही पुसता, कपाटं आवरता, खाती बंद करता. त्याआधी थोडं थांबा. त्याचा शब्द कुणापाशी अडकला आहे का, रोज त्याची वाट पाहणारं, तुम्हाला माहीत नसलेलं कुणी आहे का, ते शोधा. आणि त्यांना स्वतःच्या हाताने कळवा. जड जाईल. तरी कळवा.