अक्काचा एकच फोटो

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा. कपाटात स्वेटरांच्या मागे पडून असतो. माझ्या भिंगात बुरशीचे धागे धरलेत आणि बॅटरीने केव्हाच मान टाकली आहे. तरी माझ्या हातून काय घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यातल्या पांढऱ्या दिव्यांखाली माझी जुळणी झाली. खोक्यात बसून दुकानात आलो आणि तिथून एका फोटोग्राफर बाईच्या हाती पडलो. ती हाताची पक्की होती. मला कायम मॅन्युअलवर ठेवायची. भिंगाचं तोंड किती उघडायचं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, हे ती ठरवायची. आयएसओ, म्हणजे मी उजेडाला किती हळवं व्हायचं, एवढं मात्र माझ्यावर सोडायची. माझी एक खोड तिला ठाऊक होती. समोर पांढरंशुभ्र काही आलं की मी बिचकतो आणि त्याला राखाडी करून टाकतो. मग ती माझ्या खांद्यावरची अधिक-उण्याची चकती अंगठ्याने अधिककडे फिरवायची.

"घाबरू नकोस रे, येऊ दे उजेड," म्हणायची. मी ऐकायचो. लोक फोटोंची तारीफ करायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

तिची थोरली बहीण, अक्का, दोन वर्षं आजारी होती. केस गेले तसं तिने फोटो काढून घेणंच सोडलं. "या अवतारात? पोरं घाबरतील," म्हणून हसण्यावारी न्यायची.

एके दिवशी मालकीण एका दुकानासाठी बशांचे फोटो काढत होती. चाळीस बशा एकसारख्या दिसायला हव्यात, म्हणून तिने आयएसओही शंभरावर, म्हणजे सगळ्यात कमीवर, बांधून टाकला. काम संपलं तशी ते न सोडवताच मला गळ्यात अडकवून ती थेट अक्काकडे गेली.

अक्का खिडकीकडे पाठ करून, उशांना टेकून बसली होती.

"आणलंयस का गं ते डबडं? काढ माझा एक. आज जरा माणसात आल्यासारखं वाटतंय."

"खरंच काढू?"

"मन बदलायच्या आत काढ. आणि आत्ता बघत बसू नकोस. तुझ्या तोंडावरून मला सगळं कळतं. घरी जाऊन बघ."

मागे खिडकीचा झोत, चेहरा काळवंडणार, हे मालकिणीला कळलं. सवयीने तिने चकती अधिक दोनवर नेली. पण मित्रांनो, सगळंच हाताने पक्कं बांधलेलं असलं की त्या चकतीच्या हाती काही उरत नाही. उजेड वाढवायला मला काहीतरी मोकळं लागतं. माझी मोजपट्टी डाव्या टोकाला लुकलुकत होती, कमी पडतंय म्हणून सांगत होती. तिची नजर मात्र अक्कावर खिळलेली, आणि माझ्या झरोक्यातून डोळ्याला सगळं स्वच्छच दिसतं. अक्का हसली. मी खटकन वाजलो.

"बास," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेली.

आठवड्याने अक्काची मुलगी आली. "मावशी, आईचा फोटो आहे ना तुझ्याकडे? फोनवर मला म्हणाली होती, मस्त हसलेय म्हणून."

मालकिणीने तिला संगणकासमोर बसवलं. खिडकी सुरेख आली होती, पडद्याची वीण न् वीण दिसत होती. पुढे अक्काच्या जागी नुसती काळी आकृती. मालकिणीने ती उजळून पाहायचे सगळे उपाय केले होते. हाती आले ते राखाडी ठिपके.

भाचीने त्या अंधारावर बोट ठेवलं. "हसली होती ना पण?"

"हसली होती गं."

"कशी? दात दिसत होते?"

मालकिणीने डोळे मिटले, खूप आठवून पाहिलं. तिला आठवेना. त्याच संध्याकाळी तिने मला स्वेटरांच्या मागे सारलं. त्यानंतर तिने कुणाचाच फोटो काढला नाही.

मित्रांनो, सवयीच्या हातावर विसंबू नका. आपल्या माणसाचा फोटो काढण्याआधी घटकाभर हातातल्या कॅमेऱ्याकडे नीट बघा, काय बांधलंय, काय मोकळं आहे ते तपासा. आणि फोटो आला की तिथल्या तिथे पाहा, कुणी कितीही नको म्हणालं तरी. अक्काचे दात दिसत होते. हे मी पाहिलं आहे, पण मालकिणीला सांगायला मला तोंड नाही.