फळ्यावरचे एकवीस पोलीस

मित्रांनो, पैठण रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात भिंतीवर टांगलेला मी एक जुना फळा आहे. तीस वर्षांपूर्वी कडुबा पेंटरने माझ्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं : लोकसंख्या २१,०००, मंजूर पोलीस २१. हजार माणसांमागे एक. तपासणीला आलेल्या साहेबांनी तेव्हा अक्षर वाखाणलं होतं. त्याखाली रोज खडूने हजेरी लिहितात.

खडू पुसला जातो, ऑइलपेंट नाही. हद्दीत कारखाने आले, वसाहती उठल्या, माणसं पासष्ट हजारांवर गेली. माझा माथा तसाच राहिला.

जूनमध्ये मनकर्णाबाई आल्या. त्यांची नात राजनंदिनी कॉलेजातून संध्याकाळच्या एसटीने येते. स्टॉपपासून घरापर्यंत दोघं जण मोटारसायकलवर तिच्या मागे लागत.

"जमादार, साडेपाचला एक माणूस नुसता उभा करा. लई झालं."

बद्रीनाथ जमादारांनी तक्रार लिहून घेतली आणि माझ्यावरचा खडू दाखवला. शहरात बंदोबस्ताला नऊ, कोर्टात चार, आरोपी घेऊन गेलेले तीन, आजारी आणि रजेवर तीन.

"उरलो मी अन् हा शिवराज. ठाण्याला कुलूप लावू का, मावशी?"

"वर तर एकवीस लिवलंय!"

"ते फळ्यावरचे."

"मग हा फळाच नेऊन उभा करते ष्टॉपवर!"

दोघंही हसले. मनकर्णाबाई हसल्या नाहीत.

त्याच दिवशी शिवराजने दहा वाढीव पोलिसांची मागणी लिहिली. वरच्या कार्यालयाचं उत्तर गणपतीनंतर आलं : लोकसंख्येच्या मानाने मनुष्यबळ पुरेसे आहे, वाढीव पदांचा खर्च मंजूर करता येत नाही.

"पुरेसे? पासष्ट हजार कुठं गेले रे?" जमादारांनी विचारलं.

शिवराजने माझ्याकडे पाहिलं. "मागणीत लोकसंख्या मी फळ्यावरूनच उतरवली, जमादार."

दुरुस्तीचं पत्र गेलं. पुढच्या आढाव्यात विचार करू, असं कळवण्यात आलं. आढावा दोन वर्षांनी आहे.

दिवाळीनंतर मनकर्णाबाई पुन्हा आल्या. "ते तक्रारीचं लिवलेलं काढून टाका, जमादार. पोरीचं कॉलेज बंद केलं. आता ती घरीच असती."

जाताना बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या फळ्यावर पटसंख्या रोज पुसून नव्याने लिहितात ना? माझ्यासाठी कुणी तेवढंच करा. मला स्वतःचा आकडा पुसता येत नाही. त्या दिवशी मनकर्णाबाईंनी खरंच नेलं असतं, तर साडेपाचला मी स्टॉपवर उभा राहिलो असतो.