ताराचंदच्या दोन डिस्क

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत रामाजीचं कुलरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, वर पत्रे, आत एक कातरी, एक ड्रिल, आणि होळी झाली की अर्ध्या रस्त्यावर येऊन पडणारा पसारा. नागपूरच्या उन्हाबद्दल बाहेरच्या माणसाला सांगण्यात अर्थ नाही, त्याला वाटतं आपण फुशारकी मारतो. ज्यानं इथला मे महिना काढला त्यालाच कुलरवाल्याची किंमत कळते. रामाजीकडचा कुलर घेतला की वर्षानुवर्षं बघायला नको, असं लोक म्हणत आणि ते खोटं नव्हतं.

रामाजीला एकच मुलगा, ताराचंद. पत्रा कापायला बसला की हात कापून घ्यायचा, म्हणून बापानं त्याला दुकानातून हाकलून शाळेत धाडलं. तो शिकत गेला, शिकत गेला, आणि एक दिवस संत्रा उत्पादकांच्या संघात कॉम्प्युटरवर नोकरीला लागला. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट आहे ही. तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोक तोंडात बोट घालत. रामाजीनं गल्लीभर पेढे वाटले आणि कोणी विचारलं, पोरगा नेमकं करतो काय, तर तो म्हणे, ‘थंड खोलीत बसते.’ त्याच्या लेखी याहून मोठी नोकरी असूच शकत नव्हती.

तर संघाच्या त्या थंड खोलीत, एसी लावलेल्या, आकडे साठवून ठेवणारी दोन डिस्कची यंत्रं होती. एकेक यंत्र कमरेएवढं उंच, कपडे धुवायच्या मशीनसारखं दिसणारं. काटोलच्या केंद्रावर किती संत्रा आला, कोणाचा आला, हे आकडे टेलिफोनच्या तारेवरून नागपूरला येत, आणि ताराचंदनं अशी जोडणी बसवली होती की आलेला प्रत्येक आकडा दोन्ही डिस्कवर एकदमच लिहिला जाई. बापाला दाखवायला नेलं तेव्हा त्यानं सांगितलं, “बाबा, तुमी मोठ्या कुलरले दोन पंप लावता ना, तसंच. एक मेली तरी दुसरी जिती राह्यते.” रामाजीला हे पटकन समजलं. पोराच्या डोक्यात आपलंच डोकं आहे, असं त्याला वाटलं आणि तो दिवसभर खुशीत होता.

पण ही गोष्ट संत्र्याच्या आकड्यांची नाही. ताराचंदनं त्याच दोन्ही डिस्कवर, आपल्या कोपऱ्यात, बापासाठी एक गंमत करून ठेवली होती. टर्मिनलपुढं बसलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत पण मराठीतच प्रश्न येई: कोण आहे? आपलं नाव टाकायचं. रामाजीनं एवढ्यासाठी म्हातारपणी इंग्रजी अक्षरं गिरवली. नाव टाकलं की यंत्र विचारी, ‘बाबा, जेवले का?’ ‘नाही’ म्हटलं की लिहून येई, ‘मंग आधी जेवून या. मी इथंच आहो.’ ‘हो’ म्हटलं की दर वेळी वेगळं काही निघे. कधी पंपाची चौकशी, कधी गल्लीतल्या कोणाची थट्टा, कधी बापाच्या जुन्या चपलांवरून टोमणा. कोणती ओळ येईल सांगता येत नसे. रामाजी पडद्याला तोंडानं उत्तरं देई आणि मागं उभा ताराचंद हसून हसून बेजार होई.

मायसाठीही त्यानं काही लिहून ठेवलं होतं. ते काय, हे मात्र त्यानं बापाला सांगितलं नाही. ‘तिचं नाव टाकलं की निघन. पण तिलेच येऊ द्या, तुमी चोरून पाहू नका,’ एवढंच म्हणाला आणि बापाकडून तसा शब्द घेतला. पण माय, सुभद्रा, काही गेली नाही. तिला वाचता येत नव्हतं, ऑफिसात जायची लाज वाटे, आणि पोरगा रोज संध्याकाळी घरी येऊन पुढ्यात बसून बोलत होता, मग त्या डब्यापुढं जायचं कशाला? जाऊ कधीतरी, असं म्हणता म्हणता राहून गेलं.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात ताराचंदला ताप आला. कोणता ताप हे कळेपर्यंत तो डोक्यात गेला. रामाजी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत राहिला. पट्टी ठेवली की लगेच गरम व्हायची. आठवड्याच्या आत पोरगा गेला. चोवीस वर्षांचा. असल्या गोष्टीवर दुसऱ्यानं काय बोलायचं? लोक बोलले, बरंच बोलले, आणि आपापल्या घरी गेले.

सुभद्रा रडली नाही. तिनं पोराचं नावच घेणं सोडलं. स्वयंपाक करी, भांडी घाशी, कोणी विषय काढला की उठून आत जाई. रामाजीनं दुसरा मार्ग धरला. तो संघाचे मॅनेजर आनंदराव यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला आठवड्यातून एकदा त्या टर्मिनलपुढं बसू द्या. आनंदराव तसा कडक माणूस, फाइल इकडची तिकडे झाली तर आरडाओरडा करणारा, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. शनिवारी अर्धा दिवस काम असे. ते संपलं की रामाजी यायचा, हातपाय धुऊन बसायचा. कोण आहे? रामाजी. बाबा, जेवले का?

ताराचंदच्या जागी प्रेमिला नावाची मुलगी आली होती. शहाणी पोर. तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं की काका, मी हे सगळं कागदावर छापून देऊ का, घरी ठेवता येईल. रामाजीनं साफ नाही म्हटलं. कागदावर सगळ्या ओळी एकदम दिसल्या असत्या, शेवटची ओळही दिसली असती, आणि मग पोरगा संपला असता. इथं निदान पुढच्या शनिवारी तो काय म्हणेल हे माहीत नव्हतं. तुम्ही म्हणाल, खुळा माणूस. असेल खुळा. आपल्यावर ही पाळी येऊ नये, म्हणजे शहाणपण टिकतं.

घरी येऊन तो सुभद्रेला सांगायचा, आज असं म्हणाला, आज तसं म्हणाला. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. एकदा मात्र ताट आदळून म्हणाली की मशीन बोलते म्हणून माझं लेकरू येते का परत. पण तिच्या नावाचं तिथं काहीतरी पडून आहे, न उघडलेलं, हे त्याच्या मनातून जाईना. ते तिच्या पदरात पडलं तर ती रडेल, आणि रडली तर जगेल, अशी त्याची समजूत होती. स्वतः ते नाव टाकून पाहायचा मोह त्याला कितीदा झाला. पोराला शब्द दिला होता म्हणून बोटं आवरली.

पुढच्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायच्या तोंडावर, भाजी निवडता निवडता सुभद्रा आपणहून म्हणाली, “या शनवारी मले बी घेऊन चाला.” काही विचारलं तर ती मागं फिरेल, अशी रामाजीला भीती वाटली. तो तसाच उठून दुकानात गेला आणि पत्र्यांच्या आडोशाला बसून रडला.

आणि नेमका मंगळवारी संघाचा एसी जळला. कंपनीचा माणूस म्हणे पंधरा दिवस येत नाही. बाहेर ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या, आणि त्या बंद खोलीत यंत्रं तापू लागली. प्रेमिला म्हणाली, सगळं बंद करून ठेवू. आनंदरावांना शेतकऱ्यांचे चुकारे पेरणीआधी द्यायचे होते, त्यांचा जीव वरखाली होत होता. रामाजीला हे कळलं तसा तो हातातलं काम टाकून धावत आला. त्यानं यंत्राच्या अंगावर हात ठेवला. ते तापलं होतं. पोराच्या कपाळावरची पट्टी अशीच गरम व्हायची.

तो म्हणाला, साहेब, मी कुलर लावून देतो. प्रेमिलेनं अडवून पाहिलं. यंत्राला ओल चालत नाही असं पुस्तकात लिहिलं आहे, ती म्हणाली. रामाजीला तो आपल्या हाताचा अपमान वाटला. माझा कुलर थेंब उडवत नाही, वाटल्यास कागद धरून पाहा, असं त्यानं ऐकवलं. शिवाय बंद केलेलं यंत्र पुन्हा सुरू झालंच नाही तर? शनिवारी सुभद्रा यायची होती. आनंदरावांनी मान हलवली.

रामाजीनं जन्मात केला नसेल असा कुलर केला. ताज्या वाळ्याच्या ताट्या, दोन पंप, नवा पंखा. बुधवारी तो खिडकीत बसवला आणि तासाभरात खोली गार झाली. सगळं ऑफिस त्या खोलीत येऊन उभं राहू लागलं. वाळ्याचा वास सुटला होता. आनंदरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. प्रेमिला तेवढी टेबलावरचे कागद चाचपून पाहत होती, ते ओलीनं मऊ पडले होते.

शुक्रवारी दुपारी एका डिस्कमधून खरखर आवाज आला. प्रेमिला धावली, पण तोवर आतल्या सुईसारख्या भागानं डिस्क खरवडून टाकली होती. आनंदरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हिशेबाचं विचारलं. हिशेब दर आठवड्याला टेपवर उतरवतो, तो सुरक्षित आहे, असं तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी घाम पुसला आणि मुंबईच्या इंजिनिअरला फोन लावायला गेले.

रामाजी दारात उभा होता. “अन् ताराचंदचं?” त्यानं विचारलं.

प्रेमिलेच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, टेपवर फक्त हिशेब जाते. ताराचंदचं दुसऱ्या डिस्कवरही आहे, ते शाबूत आहे. पण आता मशीन बंद करू द्या. सोमवारी इंजिनिअर येऊन राहिला, तो पाहीन.”

तिचं बरोबर होतं. रामाजीलाही आतून कळत होतं. कुलर त्यानं त्याच क्षणी स्वतःच्या हातानं बंद केला, पण मशीनसाठी तो तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. उद्या ती येणार आहे पोरी, म्हणाला, वर्षभर गप्प बसलेली बाई आहे. उद्या नाही म्हटलं तर पुन्हा उंबरठा ओलांडणार नाही. रातभर बंद ठेवा, उद्या फक्त घडीभर चालू करा. पोर विरघळली. साहेबांना न सांगता तिनं हो म्हटलं.

शनिवारी सुभद्रा ठेवणीतलं लुगडं नेसून आली. सगळे गेल्यावर प्रेमिलेनं मशीन चालू केलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. सुभद्रेनं खुर्चीच्या हातावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, इथंच बसे का. रामाजीनं होकार दिला. पडद्यावर प्रश्न आला: कोण आहे? तिच्या नावाची अक्षरं रामाजीनं तिचं बोट धरून एकेक करून दाबली. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावरचा प्रश्न गेला.

पडदा काळा झाला. एक लहानशी रेघ लुकलुकत राहिली. पलीकडून तीच खरखर सुरू झाली, कालच्यासारखी, आणि मग थांबली. प्रेमिला यंत्राकडे धावली, झाकणातून पाहिलं, आणि तिथंच भिंतीला टेकली. दोन डिस्क होत्या खऱ्या, पण दोघींनी तीच ओली हवा घेतली होती. एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

सुभद्रा पडद्याकडे पाहत होती. तिला काळं काय आणि अक्षर काय, सारखंच. “काय म्हन्ते?” तिनं विचारलं.

रामाजीनं प्रेमिलेकडे पाहिलं. तिनं तोंडाला ओढणी लावली होती. तेवढ्यानं तो समजला. मग तो पडद्याकडे वळला आणि वाचू लागला. म्हणते की माय, तू आली, मले लय आनंद झाला. म्हणते की उन्हाची फिरत जाऊ नको. म्हणते की बाबाकडे ध्यान दे, ते मनाले लावून घेतात. तो वाचत राहिला. सुभद्रेनं डोळे मिटून घेतले होते. ऐकता ऐकता तिचा चेहरा सैल पडला. वर्षभरात तो तसा दिसला नव्हता.

“अजून एकदा वाचा,” ती म्हणाली.

रामाजी वाचू लागला. माय, तू आली, बरं केलं. गुडघे दुखत असन तर तेल लावत जाय. एवढं म्हणून तो अडखळला. मघाशी काय म्हटलं होतं ते त्याला आठवेना. तो थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा चुकला.

सुभद्रेनं डोळे उघडले. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“तिथं काही नाही ना लिहेल?”

रामाजीनं मान हलवली. “होतं वं. आतापर्यंत होतं. माह्या कुलरनं गेलं.”

“काय होतं?”

“कोणालेच माहीत नाही.”

तेव्हा ती रडली. पोराचं नाव घेऊन, मोठ्यानं, त्या रिकाम्या ऑफिसात ऐकणारं कोणी आहे की नाही याची पर्वा न करता रडली. रामाजीला हेच हवं होतं, आणि त्याला ते ऐकवत नव्हतं.