इरम्माच्या बरणीतलं लोणचं

द्वारकाबाईचा हात लागला की लोणच्याला बुरशी धरायची न्हाय, असा तेर गावात तिचा लौकिक हुता. खरं म्हंजी हाताचं काय न्हवतं. सात सालाखाली तिची पाळी गेली, तवापास्नं ती कवाबी, कुठल्याबी घरात, बरणीत कोपरापतुर हात घालायला मोकळी. इटाळाची बाई शिवली की लोणचं सडतंय, ही गावाची पक्की समजूत. त्यामुळं आंब्याच्या दिसात पंचवीस घरची बोलावणी यायची, आन् द्वारकाबाई अडकित्ता खांद्यावर टाकून फौजदारावानी निघायची. जल्मात पयल्यांदा कुणी तिची वाट बघत हुतं.

आन् जर्मनच्या लढाईच्या साली चैतात लुगड्याला डाग दिसला.

द्वारकाबाई गपगुमान गोठ्यात जाऊन बसली. चार दिस. दगडोबाला, म्हंजी तिच्या दादल्याला, भाकरी थापायची पाळी आली. त्याची भाकरी निजामाच्या मुलखाच्या नकाशावानी, कडा कुठं चालल्यात त्याचा त्यालाच पत्ता न्हाय. पर गडी खूश.

"म्हातारे, आपल्या घरात अजून हंगाम हाय म्हणायचा!" मिशीला पीळ देत म्हणाला.

"आवो, साठीला आले म्या. हंगाम कसला?"

"येडाई देवीचा परसाद हाय. वटी भरून ये."

शेजारची नागूबाई द्वारकेपरीस चार सालानं थोरली. गावाच्या सोवळ्याओवळ्याची फौजदारकी तिच्याकडं. ती लांब, उकिरड्यापाशी उभी ऱ्हाऊन म्हणाली, "द्वारके, औंदा लोणच्याला हात लावू नगंस. माझ्या घरी तर न्हाईच. माझा गुडघा धरलाय, म्या औंदा लोणचंच घालत न्हाय."

चार दिसानं न्हाऊन द्वारका घरात आली. बारा दिसानं परत डाग. परत गोठा. मग नऊ दिसानं. पाळी असती तर तिला काय धरबंद असता. ही तर मनाला यील तवा उगवणारी पावणी. द्वारकेला भ्या वाटलं, पर त्याहून मोठं भ्या दुसरंच हुतं. पंचवीस घरं हातची जाणार.

तिसऱ्या खेपेला इरम्मा आली. लिंगायताची, किराणा दुकानवाल्या महालिंगप्पाची बायकू. ती सरळ गोठ्यात घुसली, द्वारकेच्या मांडीला मांडी लावून बसली आन् म्होरं कैऱ्यांची पाटी ठिवली.

"फोडी कर. बसून बसून म्हशीवानी रवंथ करतीस."

"आगं, इटाळ हाय मला!"

"गळ्यात लिंग हाय माझ्या. आमच्यात इटाळ मानत न्हाईत. कर फोडी."

द्वारकेनं भीत भीत अडकित्ता धरला. इरम्मानं बोलता बोलता समदं काढून घेतलं. पाळी जाऊन किती सालं झाली, रगत किती, दुखतंय का, वास येतुय का.

इरम्मानं पाटीखालनं एक लुगडं काढलं. जांभळं, इरकली, घडी न मोडल्यावानी.

"माझी नणंद, शिवगंगा. तिला बी असंच आलं. तरुण झाले म्हणून तिनं हे घेतलं. दोन सालं हसत ऱ्हायली. दवाखान्यात गेली तवा डाक्टर म्हणाला, लई उशीर केलासा. दोनदाच नेसली हे. घे, आता तू नेस."

द्वारकेनं दुसरी कैरी फोडायला घेतली. लुगड्याला काय तिनं हात लावला न्हाय.

"आंब्याचे दिस सरले की बघू," ती पुटपुटली.

"आंबे दरसाल येतात गं. उद्या सकाळची गाडी हाय बार्शीला."

दगडोबा दारातनं कुरकुरला, "देवीचा परसाद डाक्टरला कशाला दावायचा?"

"दाजी, परसाद आसंल तर वाटून घ्या की. या, चार दिस तुमी बसा गोठ्यात."

दगडोबा भाकरी थापायला गेला.

सकाळी दोघी छोट्या रेल्वेत बसल्या. तेर निजामाचं, बार्शी इंग्रजाच्या हद्दीत, त्यामुळं वाटंत निजामाच्या करोडगिरीचा, म्हंजी जकातीचा, शिपाई डब्यात चढला आन् त्यानं गाठोड्याला काठी लावली. "अम्मा, गठडी में क्या है?"

"खोलके देखो," इरम्मा म्हणाली.

त्यानं उघडलं. डागाच्या चिंध्या, डाक्टरणीला दावायला इरम्मानंच घ्यायला लावलेल्या. शिपाई इंचू चावल्यावानी मागं सरला.

"हुजूर, इसपे महसूल लगता क्या?" इरम्मानं इचारलं.

महिन्याभरात द्वारकाबाई पयल्यांदा हसली.

बार्शीची डाक्टरीण चष्मेवाली, लेकीच्या वयाची. तिनं समदं ऐकून घेतलं.

"पाळी जाऊन सात वर्षं झाली ना? मग ही पाळी नाही, आजी. वर्षभर बंद राहून नंतर एक थेंब जरी आला तरी तपासायचं. बऱ्याच वेळा साधंच निघतं. आतली कातडी सुकते, नाहीतर आत एखादा मांसाचा मोड येतो. पण कधी कधी कर्करोगाची ती पहिली खूण असते. लवकर कळलं तर इलाज होतो. न बघता कुणालाच सांगता येत नाही, मलासुद्धा."

"मग म्या गोठ्यात का बसले?"

"ते मला काय माहीत?" डाक्टरीण म्हणाली.

गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी करंगळीयेवढा मोड निघाला. तो काढला, पिशवी खरवडली, खरवडलेलं तपासायला मुंबईला धाडलं. तीन हप्ते कागदाची वाट. त्या तीन हप्त्यात द्वारकेला लोणचं सुचलं न्हाय, गाव सुचलं न्हाय. इरम्माच्या खुंटीवरलं जांभळं लुगडं तेवढं डोळ्याम्होरं.

कागद आला. साधा मोड. बाकी काय न्हाय.

द्वारकेनं गावातल्या बायकांना इरम्माच्या वसरीत बोलावलं आन् बरणी म्होरं ठिवली.

"ह्या फोडी म्या इटाळात केल्यात. महिना झाला. हुडका बुरशी."

बायका वाकून बघाय लागल्या. तेलाचा तवंग, लालभडक खार, बुरशीचा ठिपका न्हाय. एकीनं फोड तोंडात टाकली, मग दुसरीनं. तवा द्वारकेनं डाग, गोठा, चिंध्या, शिपाई, मोड, काय लपवलं न्हाय. शेवटाला शिवगंगेचं लुगडं सगळ्यांच्या हातात फिरवलं. कुणी हसलं न्हाय.

बायका गेल्या. नागूबाई बसूनच.

"आक्का, गुडघा लई दुखतुय का?" द्वारकेनं इचारलं.

नागूबाईनं बरणीतली एक फोड उचलली. खाल्ली न्हाय, नुसती हातात धरली.

"गुडघा चांगला हाय गं," ती हळूच म्हणाली. "ती बार्शीची गाडी... किती वाजता असती?"

द्वारकाबाईनं बरणीला फडक्याचा दादरा बांधला आन् उठली.

"सकाळी. म्या येते संगं."

"उद्या तुला पाच घरची बोलावणी हाईत की."

"बसतील वाट बघत," द्वारकाबाई म्हणाली. "चिंध्या तेवढ्या घ्या बरुबर. करोडगिरीवाल्याला दावायच्यात."